सिंगल कास्क माल्ट कशी चाखावी? सोड्याच्या आधी चमचाभर पाणी

प्रश्न थोडक्यात असा: मेहुणा एडिनबराहून येताना सिंगल कास्क माल्टची, म्हणजे एकाच पिंपातून भरलेल्या व्हिस्कीची, बाटली घेऊन आला. लेबलवर 12 वर्षं, हॉग्सहेड (पिंपाचा एक प्रकार), एकूण 268 बाटल्या, 58.9 टक्के अल्कोहोल. रविवारी दुपारी मिसळ झाल्यावर चौघांनी बाटली उघडली, नेहमीसारखे लार्ज भरले, वर बर्फ आणि सोडा. ‘टिंक्चर प्यायल्यासारखं वाटलं. एवढे पैसे कशाचे घेतात? आमचं काही चुकलं की बाटलीच खराब?’

बाटली खराब असण्याची शक्यता फार कमी. चुकलं तुमचंच, पण ती चूक नाशकात मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिला चूक म्हणायलाही जड जातं. मी आधी नऊ वर्षं एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये काढली आणि आता बरीच वर्षं व्हिस्कीच्या छोट्या बैठका घेतो. सुरुवातीला मीही हेच केलं होतं, फक्त सोड्याच्या जागी थंडगार बिसलेरी होती.

आधी मिसळीचं बघू. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या एकाच संवेदकाला डिवचतात. त्याचं खरं काम चटका ओळखणं. एरवी तो साधारण 42 अंशांना जागा होतो, अल्कोहोल लागलं की 34 अंशांनाच. म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब त्याला भाजल्यासारखी वाटते. त्यात झणझणीत रश्श्याने तो आधीच पेटलेला. अशा तोंडात 58.9 टक्के ओतल्यावर टिंक्चर नाही तर काय लागणार! मिसळ सकाळी, व्हिस्की संध्याकाळी, मधे किमान चार तास. चकणाही पहिल्या ग्लासापर्यंत दूर ठेवा. तिखट शेंगदाणे, कांद्याचा मसाला पापड, हे सगळं नंतर.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीवर 42.8 टक्के आणि शेजारी 25 यूपी (अंडर प्रूफ) असं छापलेलं असतं. जुन्या ब्रिटिश हिशेबात 57.1 टक्के म्हणजे 100 प्रूफ. त्याच्या 25 अंश खाली म्हणजे 75 प्रूफ, तेच हे 42.8. तुमची बाटली प्रूफच्याही वर आहे. 60 मिलीचा लार्ज भरलात, त्यात नेहमीच्या व्हिस्कीच्या सुमारे 83 मिलीइतकं अल्कोहोल होतं. लार्ज समजून तुम्ही जवळपास नाइन्टी लावत होतात, आणि तसे दोन झाले असतील तर तिसऱ्याची चव कोणालाच आठवत नसणार.

आता बाटलीत नेमकं काय आहे ते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये काढलेली व्हिस्की. ब्रिटनचा स्कॉचसाठीचा कायदा म्हणतो की ती 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं मुरली पाहिजे आणि बाटलीत 40 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पण ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप असं नाही. दुकानात मिळणाऱ्या साध्या 12 वर्षांच्या माल्टमध्ये कित्येक पिंपं एकत्र केलेली असतात. हे पिंप जरा कडवट, ते जरा गुळचट, तिसऱ्यात लाकूड जास्त उतरलंय. मास्टर ब्लेंडर ती अशी मिसळतो की या वर्षीची बाटली गेल्या वर्षीसारखीच लागावी. मग पाणी घालून 40, 43 किंवा 46 टक्क्यांवर आणतो. सिंगल कास्कमध्ये यातलं मिसळण्याचं काम कोणी केलेलंच नसतं, आणि तुमच्यासारख्या बाटलीत पाणी घालण्याचंही नाही. एक पिंप फोडलं, गाळलं, भरलं.

म्हणून मी बैठकीत पहिल्यांदा हेच सांगतो: ब्लेंडरचं उरलेलं काम आता तुमच्याकडे आलंय. किती पाणी, किती वेळ, कुठल्या टप्प्यावर थांबायचं, हे ग्लास हातात असलेल्या माणसाने ठरवायचं. ‘नीट पितो तोच खरा मर्द’ ही परमिट रूममधली अक्कल इथे चालत नाही. खुद्द ब्लेंडर मंडळी पिंपांची पारख करताना नमुना पाणी घालून 20 टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मग हुंगतात. ज्यांचं पोट त्या नाकावर चालतं ते पाणी घालतात, तर आपण कसला मान राखतोय?

लेबल वाचताना एक गंमत करून बघा. हॉग्सहेड म्हणजे सुमारे 250 लिटरचं पिंप. स्कॉटलंडमध्ये दर वर्षी साधारण 2 टक्के माल लाकडातून उडून जातो, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. 12 वर्षांनी उरतात 196 लिटरच्या आसपास, म्हणजे 700 मिलीच्या सुमारे 280 बाटल्या. तुमच्यावर 268 लिहिलंय. हिशेब जुळतो. कोणी 250 लिटरच्या पिंपातून हजार बाटल्या काढल्या म्हणाला तर त्याला हात जोडावेत.

आपल्या हवेत हाच हिशेब अंगावर येतो. बंगळूरला हा वाटा वर्षाला 10 टक्क्यांच्या पुढे जातो. 200 लिटरचं पिंप 5 वर्षं ठेवलं तर उरतात 118 लिटर. म्हणूनच भारतीय सिंगल माल्टवर सहसा वयाचा आकडा दिसत नाही, आणि 5-6 वर्षांची आपली माल्ट 12-15 वर्षांच्या स्कॉचइतकी गडद आणि भरीव लागते. उन्हात सगळंच लवकर पिकतं, हे द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. बंगळूरच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोला नेऊन विकली, गोव्याच्या पॉल जॉनने 2012 मध्ये लंडनला. दोघांच्याही सिंगल कास्क बाटल्या निघालेल्या आहेत. आणि नाशिककरांनी एवढं हिरमुसायचं कारण नाही, दिंडोरीतही माल्ट निघतं. 2022 मध्ये आलेली, पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीची लाँगिट्यूड 77 तिथलीच. सिंगल माल्ट आणि सिंगल कास्क यांतला फरक मात्र लक्षात असू द्या, दुकानदारही बिनदिक्कत गल्लत करतात.

आता प्रत्यक्ष काम. ग्लास हवा खाली फुगीर, वर निमुळता. ग्लेनकेर्न नावाचा व्हिस्कीचा ग्लास मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा लहान ग्लास चालेल. सरळ उभ्या काचेत सगळा वास छताला जातो. माप 20 मिली, जास्त नाही. औषध पाजायची सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज मेडिकलमधून आणा. माझ्याकडची सगळ्यात उपयोगी वस्तू तीच. शेजारी भांडंभर पाणी. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी चालेल, पण क्लोरिनचा वास असेल तर रात्रभर उघडं ठेवा. बोअरचं जड पाणी नको. फ्रिजमधलं तर नकोच, थंड पाण्याने वास मिटून बसतो. मे महिन्यात खोलीच 36 अंशांवर असेल तर माठातलं पाणी झकास. थंडीत उलट, ग्लास पाच मिनिटं तळहातात धरून बसायचं.

ग्लास भरला की दहा मिनिटं हात लावू नका. मी खरंच घड्याळ लावतो. या वेळात रंग बघून घ्या, पण त्यावर फार विश्वास टाकू नका. सिंगल कास्कमध्ये बहुधा वरून कॅरमेल घातलेलं नसतं, म्हणून रंग पिंपाचा असतो इतकंच. गडद म्हणजे चांगली असं काही नाही. काचेवरून उतरणारे ओघळ बघून लोक बरंच काही बोलतात, मी दुर्लक्ष करतो.

नाशिकच्या लोकांची एक खोड मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वायनरी फिरून फिरून हात ग्लास गरगर फिरवायला शिकलेला असतो. वाइन 12-13 टक्के असते, फिरवली की वास खुलतो. 59 टक्के फिरवलंत तर वर उठतं ते फक्त अल्कोहोल, आणि नाकात खुपसलंत तर पुढची पंधरा मिनिटं नाक बधिर. ग्लास आधी हनुवटीपाशी आणा. तोंड किंचित उघडं ठेवून हळूच श्वास घ्या. मग वरच्या ओठापाशी. मग एका नाकपुडीने, मग दुसऱ्या. दोन्ही नाकपुड्या सारखंच सांगतील असं नाही. झोंबायला लागलं की मागे या, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, पुन्हा जा.

आणि वास कशाचा येतोय? इथे बहुतेकांची बोबडी वळते, कारण इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं हेदर, मार्झिपॅन, ख्रिसमस केक आपण कधी धड हुंगलेलंच नसतं. सोडून द्या ते. तुमच्या हॉग्सहेडमध्ये आधी बहुधा बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, असणार. बर्बनला कायद्याने दर वेळी नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्कॉटलंडला जातात आणि बरीचशी तिथे मोठी करून बांधली जातात. त्या लाकडातून येतं व्हॅनिला आणि खोबरं. म्हणून तुम्हाला ओल्या नारळाची करंजी, कस्टर्ड, श्रीखंडाच्या गोळ्या असं काही आठवलं तर ते बरोबरच आहे. लवंग वाटली तर तीही कल्पना नाही, लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. पिकलेलं वेलची केळं किंवा पेरू आला तर तो लाकडाचा नव्हे, आंबवताना यीस्टने केलेला. पीटच्या (दलदलीतल्या मातीसारख्या इंधनाच्या) धुरावर वाळवलेल्या सातूची असेल तर हुरड्याच्या आगटीतली राख आणि त्यामागे दवाखान्याचा वास. या सगळ्याला आपल्याकडे नेमके शब्द आहेत, फक्त व्हिस्कीसमोर ते बोलायला आपण लाजतो.

हे मला शिकवलं मखमलाबादच्या एका द्राक्षबागायतदाराने. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. जानेवारीत त्यांच्या बागेवर सहाजण बसलो होतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली एक सिंगल कास्क होती, रंग काळ्या गुळाच्या पाकासारखा. मी माझं ठरलेलं सुरू केलं, अंजीर, खजूर, अक्रोड. माना डोलल्या. तात्यांनी दोनदा वास घेतला, ग्लास खाली ठेवला.

“काय तात्या, आवडली नाही?”

“तसं नाही हो. पण द्राक्षांवरच्या भुरीला सल्फर मारल्यावर दुसऱ्या दिवशी बागेत शिरलं की असाच वास येतो. ह्यात कोणी मारला?”

मी पुन्हा हुंगलं. होता. काडी ओढल्यावर येतो तसा, खजुराच्या मागे दडलेला. शेरीच्या रिकाम्या पिंपात बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची वात जाळतात, त्याचा अंश कधीकधी व्हिस्कीत उतरतो. मी ती बाटली तोवर तीन बैठकांत वाढली होती आणि तिन्ही वेळा अंजीर-खजूर सांगून मोकळा झालो होतो. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माल्ट हातात घेतली होती. अर्ध्या तासाने त्याच ग्लासातला सल्फर बराचसा उडाला आणि खालून काळ्या मनुका, जरासं आमसूल असं छान वर आलं. दहा पिंपांत मिसळलं असतं तर हे सल्फर कुठल्या कुठे लपलं असतं. एकट्या पिंपात ते उघडं पडतं. काहींना तेच आवडतं. मला थोडं चालतं, फटाक्यांची वात झाली की नाही.

पहिला घोट अगदी थेंबभर. तो चवीसाठी नाहीच, तोंडाला वर्दी देण्यासाठी. त्यावर मत देऊ नका. एक मिनिट थांबून दुसरा घोट घ्या, चहाच्या अर्ध्या चमच्याएवढा. जिभेखाली, गालात, हळू फिरवा, आठ-दहा सेकंद. लाळ सुटते, आपोआप पातळ होते, मग गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. अर्धी चव तेव्हा कळते. गिळल्यावर किती वेळ काय रेंगाळतं ते बघा. झोंबणं विरल्यावर मागे गोडवा राहतो की चहाच्या चोथ्यासारखा तुरटपणा? तुरट असेल तर पिंपाने जरा जास्तच दिलंय.

आता सिरिंज. तुमच्या 20 मिलीत साडेतीन मिली पाणी गेलं की सुमारे 50 टक्के होतात. एकूण सव्वासहा गेलं की 45. साडेनऊ गेलं की 40. आधी साडेतीन घाला, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पहिल्यापासून हुंगा. दर वेळी वेगळा माणूस समोर आल्यासारखं वाटतं. याचं एक कारण स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं. व्हिस्कीला धुरकट चव देणारा ग्वायकॉल नावाचा रेणू 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेला राहतो. 45 टक्क्यांपर्यंत पातळ केलं की तो पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे तुमच्या नाकाकडे. तुमची 58.9 म्हणजे जवळपास तिथेच होती. बराचसा वास आतच अडकलेला असताना तुम्ही वरून सोडा मारलात. सोड्याचे बुडबुडे स्वतःच आंबट आणि बोचरे, आणि बर्फाने उरलंसुरलं गोठवलं.

46 टक्क्यांच्या खाली गेल्यावर ग्लासात धूसर ढग दिसला तर घाबरू नका. मागे एकाने मला रात्री अकराला फोटो पाठवून ‘बनावट निघाली का’ विचारलं होतं. थंड करून गाळण्याची प्रक्रिया न केलेल्या माल्टमधली तेलकट द्रव्यं पाण्याने अशी दिसू लागतात. ती राहू दिलीत म्हणूनच घोट जिभेवर जड लागतो.

कुठे थांबायचं? ज्या टप्प्यावर चटका मागे हटतो आणि चव अजून पाणचट झालेली नसते, तिथे. बर्बन पिंपातली माल्ट मला बहुधा 48 ते 50 ला आवडते, शेरीतली जरा अजून वर. माझ्या बायकोला सगळ्याच 40 ला आवडतात आणि तिचं नाक माझ्याहून बरं आहे. तुमचा आकडा सापडला की डायरीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सरळ तिथूनच सुरुवात करता येईल. ही चाखणी झाल्यावर मग हवा तर सोडा घाला, कोणी पोलीस येणार नाही. (पोलिसांवरून आठवलं: आपल्या राज्यात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवानाही हवा. आणि 59 टक्के चाखून त्र्यंबक रोडने गाडी काढायची नाही, मुक्कामी बसा.)

चौघांत एका संध्याकाळी संपवू नका. नुकत्याच उघडलेल्या बाटलीचा पहिला ग्लास बऱ्याचदा आखडलेला असतो, दोन-तीन आठवड्यांनी तीच मोकळी होते. तुमची आता एक तृतीयांश संपली असेल असं धरतो. अर्ध्याखाली गेली की उरलेली लहान, स्वच्छ काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही. माळ्यावर ठेवू नका, एप्रिलमध्ये पत्र्याखाली भट्टी होते. अंधारं कपाट पुरे.

आणि उभी ठेवा. वायनरीतून आलेल्या माणसाची ही माझी सगळ्यात महागडी चूक. मिळालेली पहिली चांगली सिंगल कास्क मी सवयीने वाइनसारखी आडवी ठेवली, बूच ओलं राहावं म्हणून. वाइनला ते बरोबर आहे. 60 टक्क्यांच्या जवळची दारू वर्षभर बुचाला लागून राहिली, तिने ते पोखरलं. उघडायला गेलो तर वरची टोपी हातात आली, निम्मं बूच भुगा होऊन आत. कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून वाचवली, पण ओल्या पुठ्ठ्याचा वास काही गेला नाही. तेव्हापासून रिकाम्या झालेल्या प्रत्येक बाटलीचं चांगलं बूच मी धुऊन, वाळवून डब्यात ठेवतो. तुमच्या बाटलीचं बूच फिरवताना कुरकुरत असेल तर सांगा, त्या मापाची माझ्याकडे चार-पाच पडून आहेत.